पाचव्या महिन्यातले हृदय

जन्मजात व्यंगांमध्ये हृदयदोष सर्वांत जास्त आढळतात. दर हजार बाळांमागे साधारण आठ-दहा बाळे ते घेऊन जन्मतात. त्यांतल्या अनेकांच्या हृदयाला लहानसे छिद्र असते आणि काही छिद्रे आपोआप बुजतात. चौथा हिस्सा मात्र गंभीर दोषांचा. तिथे पहिल्या वर्षातच, पुष्कळदा पहिल्या काही दिवसांत, उपचार झाले नाहीत तर बाळ हाती लागत नाही.

हे दोष पोटातच दिसू शकतात. अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यातल्या तपासणीला कागदावर अ‍ॅनॉमली स्कॅन म्हणतात. पुण्याच्या नारायण पेठेतल्या घराघरांत तिचे नाव ‘पाचव्या महिन्याची सोनोग्राफी’. केंद्राच्या दाराशी ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी, आत एफ फॉर्मवर सही, मग पोटावर गारेगार जेल. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. त्यामुळे इथे सोनोग्राफी म्हटले की आधी ती पाटी आठवते. व्यंग शोधणे हे त्याच यंत्राचे कायद्याला मान्य असलेले काम आहे, हे मागेच पडते.

पडद्यावर सुपारीएवढे हृदय मिनिटाला सुमारे १४० वेळा धडधडत असते. त्याचे चार कप्पे एका छेदात दिसले की नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात, पण तेवढ्याने भागत नाही. महारोहिणी आणि फुप्फुसधमनी यांची अदलाबदल झालेली असते, तेव्हा चारही कप्पे ठाकठीक दिसतात. निरोगी हृदयातून निघताना या दोन वाहिन्या एकमेकींना ओलांडतात; अदलाबदल झाली असेल तर समांतर धावतात. ते मुद्दाम पाहावे लागते. शंका आली तर फिटल इको, म्हणजे गर्भाच्या हृदयाची सविस्तर सोनोग्राफी, करतात.

एवढा मोठा दोष असूनही बाळ पोटात मजेत वाढत असते. प्राणवायू वारेतून मिळतो, फुप्फुसांना अजून काम नसते आणि डक्टस नावाची आखूड वाहिनी रक्ताला आडवाट देते. जन्मानंतर काही तासांत किंवा दिवसांत ती मिटू लागते. अदलाबदल असलेले बाळ मग निळे पडते, कारण शुद्ध रक्त फुप्फुसांकडेच परत फिरते आणि अशुद्ध रक्त शरीरभर. निदान आधीच झालेले असेल तर हृदय-शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात बाळंतपण ठरवता येते. प्रोस्टाग्लॅन्डिनच्या ठिबकाने डक्टस उघडी ठेवतात, गरज पडल्यास फुग्याच्या कॅथेटरने वरच्या दोन कप्प्यांमधले छिद्र मोठे करतात आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांच्या आत वाहिन्या आपापल्या जागी जोडतात. ही शस्त्रक्रिया ब्राझीलच्या अदिब जातेने यांनी १९७५ मध्ये प्रथम यशस्वी केली.

आधी कळल्याने किती फरक पडतो, याचा ठळक पुरावा १९९९ साली पॅरिसहून आला. अशा दोषाची ६८ बाळे पोटातच ओळखली गेली होती. शस्त्रक्रियेआधी त्यांतले एकही दगावले नाही. जन्मानंतर निदान झालेल्या २५० पैकी १५ दगावली.

प्रत्येक दोषाचे आकडे इतके सरळ बोलत नाहीत. डावी बाजू खुरटलेल्या हृदयात तीन टप्प्यांच्या शस्त्रक्रिया लागतात आणि त्यानंतरही हृदयाची एकच बाजू दोघींचे काम करते. इथे आधी निदान झालेल्या बाळांचे निकाल काही अभ्यासांत सरस दिसत नाहीत. याचे एक कारण मोजणीतच आहे: पोटात सापडतात ती बहुधा जास्त बिघडलेली हृदये, तर निदानाआधीच घरी किंवा वाटेत दगावलेली बाळे हिशेबात येतच नाहीत.

निदान उशिरा झाले आणि गर्भपात करायचा असला की कायदाही आडवा येई. २००८ मध्ये मुंबईतल्या एका दांपत्याने डॉ. निखिल दातार यांच्यासह गर्भपाताच्या परवानगीसाठी उच्च न्यायालयात धाव घेतली. बाळाच्या हृदयात विजेचा संदेश वरच्या कप्प्यांतून खाली पोचतच नव्हता. दोष कळला तेव्हा १९७१ च्या गर्भपात कायद्याची वीस आठवड्यांची मुदत उलटून गेली होती. न्यायालयाने परवानगी नाकारली. पुढे काही दिवसांतच तो गर्भ आपोआप पडला. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतील स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवडे केली आणि गंभीर व्यंग असल्यास ती मर्यादाही काढली. अशा वेळी निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो आणि अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मंडळाने मत द्यायचे असते.