बीएमआय आणि पोटाचा घेर

वजन उंचीच्या मानाने किती आहे, हे बॉडी मास इंडेक्स म्हणजेच बीएमआय सांगतो. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. उंची १.६० मीटर आणि वजन ६८ किलो असेल, तर ६८ भागिले २.५६, म्हणजे साधारण २६.६.

जागतिक आरोग्य संघटना १८.५ ते २४.९ हा आकडा निरोगी मानते. भारतीयांसाठी मात्र २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून स्थूलपणा धरतात, कारण त्याच बीएमआयला भारतीय शरीरात चरबी अधिक असते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे उदाहरण २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या २१.२ टक्के! नुसत्या वजनकाट्यावर भिस्त ठेवणे म्हणूनच धोक्याचे.

खरी काळजी पोटातल्या चरबीची करायला हवी; मधुमेह आणि हृदयविकाराशी तिचा जवळचा संबंध आहे. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरावी. घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

वजन आटोक्यात ठेवायचे तर उपासापेक्षा रोजचे ताट बदलणे टिकाऊ ठरते: भात थोडा कमी, उसळ आणि भाजी जास्त, चहात साखर नावापुरती. आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चालावे. स्नायू टिकावेत म्हणून दोन दिवस ताकदीचे व्यायामही करावेत. गरोदरपणात आणि वाढत्या मुलांना हे प्रौढांचे आकडे लागू होत नाहीत.