यादीतल्या नावालाच विचारायचं

सकाळी ६.३०
लॉजच्या पलंगावर सर्वेक्षणासाठीच्या मतदारयादीची पानं पसरलीत. सोलापूर जिल्ह्यातलं गाव. नाव सांगत नाही, उत्तर देणाऱ्यांना तसा शब्द दिलेला असतो. बूथ वरून ठरून आलाय. यादीतली एकूण नावं भागिले हवा तेवढा नमुना. जे अंतर निघेल, त्या अंतरानं नावांवर खुणा करत जायचं. खूण ज्याच्या नावावर, त्यालाच गाठायचं. तो उसात असेल तर उसात जायचं. शेजारी रिकामा बसलाय आणि बोलायलाही उत्सुक आहे, म्हणून त्याला धरायचं नाही.

७.१५
दूध डेअरीसमोर जो तो बोलायला उत्सुक. ‘लिहून घ्या मॅडम, अख्खं गाव धनुष्यबाण!’ ‘अख्खं म्हणजे? मशालवाले काय गावाबाहेर राहतात?’ पाच मिनिटांत दोन तट. कॅमेरा असता तर संध्याकाळच्या बातमीत ‘दुभंगलेला महाराष्ट्र’ म्हणून हेच दिसलं असतं. मी पत्ते विचारते आणि निघते. चारचौघांत माणूस मत सांगत नाही, बाजू सांगतो.

८.३०
यादीतलं पहिलं नाव बाईचं. नवरा दारातच, ‘तिला काय कळतंय? मला विचारा.’ दादा, तुमचं नाव यादीत नाही, असं हसून सांगावं लागतं. हसण्याचंही प्रशिक्षण असतं. मग ओसरीच्या कोपऱ्यात मी आणि त्या मावशी.

विधान वाचायचं. पूर्ण सहमत, काहीसे सहमत, काहीसे असहमत, पूर्ण असहमत. ‘सांगता येत नाही’ हा पर्याय छापलेला असतो, पण वाचून दाखवायचा नाही. लाडक्या बहिणीचे १५०० रुपये? मिळायलाच पाहिजेत. कर्जमाफी? ‘नको. लोक बुडवायला शिकत्यात.’ सरकारनं गरिबांसाठी खर्च करावा? करावा. देवळाच्या कारभारात सरकार? ‘अजिबात नको.’ आरक्षणाच्या प्रश्नावर बाई बराच वेळ गप्प, मग ‘आमच्या पोराला मिळावं, दुसऱ्याच्या ताटातलं काढू नये.’

पुस्तकी डाव्या-उजव्या रेषेवर या मावशींना कुठं बसवणार? फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९६४ मध्ये अमेरिकन मतदारांबद्दल हेच दाखवलं होतं: बहुतेकांची मतं एका विचारसरणीच्या दोरीत ओवलेली नसतात. प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांनी २०१८ च्या पुस्तकात भारतापुरती वेगळी मांडणी केली. आपल्याकडची वैचारिक फूट दोन प्रश्नांवर आहे: सरकारनं समाजात किती ढवळाढवळ करावी, आणि मागे राहिलेल्या समूहांना वेगळी मान्यता द्यावी का. मला ही मांडणी पटते. मावशींचे दोन रुकार आणि दोन नकार निदान त्यात मावतात.

९.००
मत कुणाला दिलं, हे तोंडानं विचारत नाही. नमुना मतपत्रिका हातात द्यायची आणि पाठ फिरवायची. खूण करून, घडी घालून त्यांनीच पेटीत टाकायची. नवरा आता उंबऱ्यापर्यंत आलाय. त्याला पाणी मागते. तो आत जाईपर्यंत घडी पेटीत पडते.

दुपारी १.३०
भाकरी, पिठलं, टीममधल्या पोरांची कुरकुर. दोन घरं बंद, एक मतदार मुंबईला. परत जावं लागणार.

३.००
एक आबा, गोठ्यात. कोणत्या पक्षाबद्दल किती आपुलकी वाटते, हा प्रश्न इथे हमखास अडतो. ‘राष्ट्रवादी? कंची? घड्याळ का तुतारी?’ दोन पक्ष उभे फुटल्यावर जुनी प्रश्नावली चालत नाही, चिन्हं दाखवावी लागतात.

मग, वेगळ्या पक्षाच्या घरात पोरगी द्याल का? हा प्रश्न अमेरिकेतून आलाय. तिथं १९६० मध्ये पाच टक्क्यांच्या आसपास लोकांना अशा लग्नाचं वावडं होतं. २०१० मध्ये जवळपास निम्म्या रिपब्लिकनांना. अय्यंगार, सूद आणि लेल्केस यांनी २०१२ च्या लेखात यावरूनच म्हटलं, की धोरणांवरच्या मतभेदापेक्षा दुसऱ्या पक्षाच्या माणसाबद्दलची चीड वाढलीय. आबा हसले. ‘पक्ष बघून सोयरीक कोण करतं? माझ्याच घरात तीन पक्ष हायत. जात तेवढी बघत्यात.’ प्रश्न उसना आणला तरी दरी प्रत्येक समाजाची आपापल्या जागी असते. प्रश्नावलीत उत्तर ‘हो’ असं नोंदलं गेलं. जात समासात लिहून घेतली.

५.३०
अर्ज तपासणं. एका पोरानं ‘सांगता येत नाही’ कुठंच भरलेलं नाही. संशय येतो, उत्तरदात्यांकडून त्यानं काहीतरी वदवून घेतलेलं दिसतंय. ते अर्ज बाजूला, उद्या त्या घरी मी स्वतः जाणार. अडखळणाऱ्याला सहमत-असहमतच्या खोड्यात अडकवलं की कागदावर समाज आपोआप दुभंगतो. आणि त्या गप्प राहण्यात फक्त अज्ञान नसतं. भीती असते, कंटाळा असतो, शेजाऱ्याशी वाकडं नको हा हिशेबही असतो.

रात्री ९.००
आकडे भरताना दर वेळी जाणवतं: नेत्यांची भाषणं जितकी टोकाची, तितके उंबऱ्याआतले मतदार टोकाचे निघत नाहीत. सगळे मवाळ आहेत असं मात्र नाही. काही घरांत ऐकलेलं लिहितानाही हात थबकतो, आणि ते शब्दशः लिहावं लागतं.

तुमच्या दारात कुणी यादी घेऊन आलं, तर ओळखपत्र जरूर तपासा. मग ज्याचं नाव यादीत आहे त्याला एकट्याला बोलू द्या. बाकीच्यांनी अर्धा तास आत बसावं.