बालवर्गातील वाचन : बाराखडीच्या आधी काय?

दहावी-बारावीच्या निकालांनी आणि वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांतील यशाने लातूरचे नाव राज्यभर पोहोचविले आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द शिक्षणाच्या चर्चेत रूढ झाला. शेजारच्या नांदेडमध्येही शिकवणी वर्गांचे मोठे केंद्र उभे राहिले. मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडून या शहरांत भाड्याची खोली घेऊन राहणारी कुटुंबे येथे नवी नाहीत. वरच्या वर्गांतील ही चढाओढ हळूहळू खाली झिरपते आणि बालवाडीच्या उंबरठ्यापर्यंत येऊन ठेपते. चार वर्षांच्या मुलाला बाराखडी म्हणता येते का, ‘एबीसीडी’ लिहिता येते का, वहीची किती पाने भरली, यावरून बालवर्गाची पारख होऊ लागते. ज्याची पाने कोरी राहतात ते लेकरू पाचव्या वर्षीच ‘कच्चे’ ठरते.

या घाईमागे पालकांची तळमळ असते, यात शंका नाही. परंतु भरलेली वही आणि वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीचा २०२४ चा अहवाल सांगतो, की ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी केवळ २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. अक्षरे गिरविण्यात वर्षे घालवूनही अनेक मुले वाचनाच्या दारातच अडखळतात. याचे एक कारण वाचनाची पायाभरणी ज्या वयात आणि ज्या रीतीने व्हायला हवी, तशी ती होत नाही, हे आहे.

वाचताना नेमके काय घडते?

वाचन म्हणजे छापील खुणांचे ध्वनींत रूपांतर करणे आणि त्या ध्वनींतून अर्थ उमगणे. पहिल्या कामासाठी अक्षरओळख लागते. दुसऱ्यासाठी भाषा लागते. मुलाला ‘आंबील’ हा शब्द अक्षरे जुळवून वाचता आला, तरी आंबील म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर हाती काहीच लागत नाही. उलट लातूर परिसरात येळवशीला शेतात बसून आंबील प्यालेल्या मुलाला तो शब्द अर्धा वाचताच पूर्ण सुचतो. म्हणून शब्दसंपत्ती, ऐकून समजण्याची सवय आणि मनातले सांगता येणे ही वाचनाची पहिली शिदोरी होय. ती अक्षरांच्या बरीच आधी बांधावी लागते.

दुसरी शिदोरी कानाची. बोललेला शब्द लहान लहान ध्वनींचा बनलेला असतो, हे मुलाच्या कानाला जाणवावे लागते. ऑक्सफर्डमधील लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या संशोधकांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार-पाच वर्षांच्या मुलांचा पुढे काही वर्षे मागोवा घेतला. शब्दांतील यमक आणि आरंभीचा सारखा ध्वनी ओळखू शकणारी मुले पुढे वाचनात सरस ठरली, असे त्यांना आढळले. बडबडगीते, उखाणे, कोडी, भेंड्या यांना आपल्याकडे करमणूक समजले जाते. प्रत्यक्षात ती कानाची मशागत असते.

आपली लिपी, आपली अडचण

इंग्रजीत २६ अक्षरे आहेत. मराठीत सुमारे ३४ व्यंजने आणि बारा स्वरचिन्हे मिळून चारशेहून अधिक अक्षररूपे होतात, जोडाक्षरे वेगळीच. कन्नड मुलांच्या वाचनाचा अभ्यास करणाऱ्या सोनाली नाग यांनी २००७ मध्ये दाखवून दिले, की अशा अक्षरलिपींवर प्रभुत्व मिळविण्याचे काम प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्षात संपत नाही. ते पुढे अनेक वर्षे चालू राहते. हीच गोष्ट देवनागरीलाही लागू पडते. तेव्हा बालवर्गात संपूर्ण बाराखडी ‘पूर्ण करण्याचा’ आग्रह लिपीच्या स्वभावाशीच विसंगत आहे.

आणखी एक बारकावा शिक्षिकांच्या लक्षात यायला हवा. ‘काना-मात्रा नसलेले शब्द सोपे’ हा समज आपल्याकडे पक्का आहे. म्हणून ‘कमळ’, ‘मगर’, ‘बदक’ या शब्दांपासून आरंभ होतो. पण हे शब्द टाळ्या वाजवीत म्हणून पाहावेत. ‘कमळ’ला कागदावर तीन अक्षरे दिसतात, कानाला मात्र ‘क’ आणि ‘मळ’ असे दोनच ठोके ऐकू येतात, कारण शेवटच्या अक्षरातील ‘अ’ उच्चारात गळून पडतो. याउलट ‘माती’, ‘पाटी’, ‘टोपी’ या शब्दांत दोन अक्षरे आणि दोनच ठोके. ‘आजोबा’ला तीन अक्षरे आणि तीन ठोके. डोळ्याला दिसते तेवढेच कानाला ऐकू येते. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्यासाठी काना-मात्रा असलेले हे शब्द लहान मुलांना अधिक सोयीचे पडतात.

ऱ्हस्व वेलांटीची गंमत निराळी. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी येते, पण तिचा उच्चार ‘क’च्या नंतर होतो. हे मोठ्यांच्या अंगवळणी पडलेले असते. पाच वर्षांच्या मुलाला मात्र ते कोडेच वाटते. अशा चुकांवर लाल खूण करण्याऐवजी त्या का होतात हे शिक्षिकेने ओळखले, तर मूल वाचनाला बिचकत नाही.

अक्षरे कधी आणि कशी?

याचा अर्थ बालवर्गातून अक्षरे हद्दपार करावीत, असा नाही. छोट्या गटात गोष्टी, गाणी, गप्पा, चित्रे आणि ध्वनींचे खेळ यांवर भर असावा. मोठ्या गटात, साधारणपणे पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, अक्षरांची ओळख निवडक अक्षरांच्या लहान गटांतून करून द्यावी. ‘म’, ‘क’, ‘ल’ ही तीन अक्षरे आणि सोबत काना एवढ्या भांडवलावर मामा, काका, मका, काम, लाल, कमाल असे कितीतरी शब्द तयार होतात. मुलाला पहिल्याच पंधरवड्यात ‘मला वाचता येते’ असा अनुभव मिळतो. वर्षभर मुळाक्षरे, मग वर्षभर बाराखडी आणि त्यानंतर शब्द, या क्रमात हा आनंद फार उशिरा वाट्याला येतो.

फलटण येथे प्रगत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकविण्याबाबत केलेले काम याच दिशेचे आहे. मराठी आणि कन्नड या दोन भाषांतील आरंभीच्या वाचन-लेखनाचा सलग तीन वर्षांचा अभ्यास पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे झाला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गातील बराचसा वेळ अक्षरे आणि बाराखडी यांतच खर्च होतो. अर्थ समजून घेण्याला आणि स्वतःचे काही मांडण्याला फारच थोडी जागा उरते, हे त्यातून पुढे आले. यादगीर हा जिल्हा मराठवाड्याप्रमाणेच पूर्वीच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता, हे लक्षात घेतले तर या निष्कर्षांचे लातूर-नांदेडशी असलेले नाते अधिक स्पष्ट होते.

गोष्ट वाचून दाखविण्याची रीत

बालवर्गात रोज पंधरा-वीस मिनिटे एक पुस्तक मोठ्याने वाचून दाखविणे हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. मात्र गोष्ट ‘सांगणे’ आणि पुस्तक ‘वाचून दाखविणे’ यांत फरक आहे. पुस्तक मुलांकडे वळवून धरले, ओळीखालून बोट फिरविले, की छापील मजकूर डावीकडून उजवीकडे वाचतात, शब्दांमध्ये जागा असते, पान उलटले की गोष्ट पुढे जाते, या गोष्टी न शिकविता समजतात. उर्दू माध्यमाच्या बालवर्गात हीच दिशा उजवीकडून डावीकडे असते. तेथे पुस्तकही त्याच बाजूने उघडते.

वाचताना प्रश्न कसे विचारले जातात, यालाही महत्त्व आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पालकांना मुलांबरोबर पुस्तक पाहताना ‘हे काय आहे?’ एवढ्यावर न थांबता ‘येथे काय चालले आहे?’, ‘आता काय होईल?’ असे मोकळे प्रश्न विचारण्यास शिकविले. महिनाभरातच त्या मुलांचे बोलणे इतरांपेक्षा पुढे गेले. ‘सशाने असे का केले असेल?’ या प्रश्नाला पाच मुले पाच उत्तरे देतात आणि पाचही बरोबर असू शकतात. एकच गोष्ट आठवडाभर पुन्हा पुन्हा वाचण्यातही काही बिघडत नाही. तिसऱ्या दिवशी मुले पुढचे वाक्य आधीच म्हणू लागतात आणि पाचव्या दिवशी एखादे मूल पुस्तक हाती घेऊन ‘वाचू’ लागते. ते पाठ म्हणत असते, हे खरे. पण वाचकाची भूमिका त्याने स्वीकारलेली असते.

पुस्तकांची वानवा ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन यांची मराठी चित्रपुस्तके उपलब्ध आहेत. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तके घरातल्या साध्या प्रसंगांवर बेतलेली असल्याने लहानग्यांना जवळची वाटतात. प्रथम बुक्सच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर अनेक भारतीय भाषांतील चित्रकथा विनामूल्य मिळतात.

घरची भाषा, वर्गाची भाषा

नांदेड आणि लातूरच्या बालवर्गांचे एक वैशिष्ट्य म्हणजे तेथे एकत्र येणाऱ्या भाषा. देगलूर, बिलोली, धर्माबाद भागात तेलुगू, किनवट-माहूरकडे गोंडी आणि बंजारा, उदगीर-निलंगा पट्ट्यात कन्नड आणि दोन्ही शहरांत उर्दू-दखनी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. गावाकडून आलेल्या मुलाची मराठीही पाठ्यपुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी असते. एकाच वर्गात आईला कोणी ‘माय’ म्हणते, कोणी ‘अम्मी’, कोणी ‘याडी’, कोणी ‘अम्मा’.

हा प्रश्न या भूमीला नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त होण्यापूर्वी मराठवाड्यातील अनेकांनी घरी मराठी बोलत शाळेत उर्दूतून धडे घेतले. घर आणि शाळा यांच्या भाषांतील अंतर कापताना किती दमछाक होते, हे त्या पिढीने अनुभवले आहे. आजच्या बालवर्गात तेलुगूभाषक किंवा बंजारा मूल गप्प बसते तेव्हा त्याला काही येत नाही, असा निष्कर्ष काढला जातो. त्याच्याजवळ भाषा असते. ती वर्गाची भाषा नसते, इतकेच. पाणी दाखवून ‘तुझ्या घरी याला काय म्हणतात?’ असे विचारले आणि ‘नीळ्ळु’, ‘नीरु’, ‘पानी’ हे शब्द मराठी शब्दाशेजारी आले, तर ते मूल बोलते होते. उर्दूभाषक मुलाने ‘ळ’ऐवजी ‘ल’ म्हटले म्हणून त्याला वर्गात पुन्हा पुन्हा उभे करण्याचे कारण नाही. ऐकून ऐकून उच्चार सुधारतात. एका भाषेत तयार झालेला कान दुसऱ्या भाषेच्या वाचनालाही उपयोगी पडतो. ही बाब इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गांनीही ध्यानात घ्यावी.

अक्षरांनी बोलणारा वर्ग

महाराष्ट्राला या विचारांची मोठी परंपरा आहे. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने तो कोसबाडच्या टेकडीवर बहरला. महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शिंपले, माती यांतून शिक्षण देता येते, हे त्यांनी सिद्ध केले. चिंचोके आणि ज्वारीचे दाणे मराठवाड्यात कोठेही मिळतात. त्यांनी अक्षरांचे आकार मांडणे, वाळूत बोट फिरविणे, मातीच्या वळ्या करणे यांतून बोटांना आणि मनगटाला वळण लागते. पेन्सिल धरण्याची सक्ती त्यानंतरची.

प्रत्येक मुलाच्या नावाची चिठ्ठी करून रोज सकाळी ती स्वतःच शोधून हजेरी-फलकावर लावायला सांगावी. स्वतःचे नाव हा मुलाने मनापासून वाचलेला पहिला शब्द असतो. दाराला ‘दार’, खिडकीला ‘खिडकी’ अशा चिठ्ठ्या असाव्यात. एसटीची पाटी, लातूरच्या गंजगोलाईतील दुकानांची नावे, बिस्किटाचा पुडा, नांदेडच्या गुरुद्वारा परिसरातील गुरुमुखी अक्षरे हे सारे वाचनसाहित्यच आहे. मुलाने काढलेल्या चित्राखाली त्याने सांगितलेले वाक्य शिक्षिकेने त्याच्या देखत लिहिले, की बोललेले लिहिता येते आणि लिहिलेले पुन्हा वाचता येते, हे रहस्य त्याला उलगडते. त्याच्या रेघोट्यांना ‘गिचमिड’ म्हणू नये. तो लेखनाचाच आरंभ असतो.

एखादे मूल ध्वनींच्या खेळात सातत्याने मागे राहत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर आळशीपणाचा शिक्का मारण्यापूर्वी त्याची श्रवणतपासणी करून घ्यावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांच्या अशा तपासणीची तरतूद आहे.

पालकांनी काय विचारावे?

ओझ्याविना शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या यशपाल समितीने १९९३ मध्येच बालवर्गातील प्रवेशासाठीच्या चाचण्या-मुलाखतींना विरोध केला होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. म्हणजेच वाचन शिकण्यासाठी मुलाजवळ बालवाडीपासून दुसरीपर्यंतचा सलग काळ आहे. तो एका वर्षात कोंबण्याची गरज नाही.

धोरण कागदावर कितीही चांगले असले, तरी बालवाडी चालते ती पालकांच्या अपेक्षेवर. वहीची पाने मागणारा पालक असेल, तर शाळा पानेच भरून देईल. म्हणून प्रवेश घेताना वर्गात मुलांच्या हाताला लागतील अशी पुस्तके आहेत का, रोज वाचून दाखविले जाते का, मुलांना बोलायला वेळ मिळतो का, हे विचारायला हवे. संध्याकाळी ‘आज काय लिहिले?’ याऐवजी ‘आज कोणती गोष्ट ऐकली?’ असे विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकावे. आजी-आजोबांची गोष्ट मग ती कोणत्याही बोलीतली असो, या शिक्षणाचाच भाग आहे. बारावीच्या निकालाची काळजी वाहणाऱ्या या दोन शहरांनी त्याच्या चौदा वर्षे आधीच्या या वर्गाकडेही तेवढ्याच गांभीर्याने पाहिले, तर तिसरीत अडखळणाऱ्या मुलांची संख्या निश्चितच कमी होऊ शकेल.