छोट्या कॅबिनेटमधली हवा

मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड जेमतेम १७ सेंटिमीटर लांब-रुंद असतो. त्याच्या छोट्या कॅबिनेटमध्ये गरम हवा कोंडली, की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पंखे वाढवण्याआधी हवेची वाट ठरवावी: थंड हवा खालून किंवा पुढून आत, गरम हवा वरून किंवा मागून बाहेर. बाहेर फेकली जाते त्यापेक्षा थोडी जास्त हवा आत घेतली, तर फटींतून धूळ कमी शिरते. मात्र आत ओढणाऱ्या पंख्यांना जाळी हवी आणि ती वेळोवेळी साफ करावी. वायरी पंख्यांसमोरून हटवून बांधाव्यात. ग्राफिक्स कार्डाचे पंखे जाळीलगत असले, तर त्यांना ताजी हवा थेट मिळते. तरीही तापमान उतरले नाही, तर प्रोसेसरचे व्होल्टेज किंचित कमी करून पाहावे. वेग फारसा न घटता उष्णता कमी होते.