दिव्यांची तसबीर

सहा डिसेंबरला दादरला गेलेले आपले कुटुंब रिकाम्या हाताने परतत नाही. पिशवीत पुस्तके असतात आणि त्यांच्याजवळ वर्तमानपत्रात गुंडाळलेला प्लास्टरचा अर्धपुतळा असतो. कोट गडद निळा, टाय लाल, चष्म्याला सोनेरी रंग. नाहीतर तथागतांची तसबीर असते, मस्तकामागे लुकलुकणाऱ्या दिव्यांची.

कलेचे जाणकार अशा वस्तूंना 'किच' म्हणतात. शब्द जर्मन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो म्युनिकच्या चित्रबाजारात रूढ झाला. झटपट केलेला, स्वस्त, बघताक्षणी गोड वाटणारा माल असा त्याचा अर्थ. खेडे सोडून शहरात आलेल्या, नुकत्याच साक्षर झालेल्या कामगारांसाठी हा माल निघतो, असे अमेरिकन समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग यांनी १९३९ साली मांडले. गिऱ्हाईक त्यांनी बरोबर ओळखले. पण त्याच्या घरात ते डोकावले नाहीत.

आपल्याकडे हा बाजार जोरात सुरू झाला तो राजा रविवर्म्यामुळे. १८९४ साली मुंबईत त्यांचा छापखाना निघाला आणि देवदेवतांची रंगीत चित्रे स्वस्तात मिळू लागली. देवळाची पायरी ज्यांना बंद होती त्यांनाही भिंतीवर देव लावता आला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा, म्हणजे त्यानंतर तीन तपांनी! पुढे १९५६ साली धम्मदीक्षेनंतर घरोघरचे देव उतरले. खिळा तोच राहिला, तसबीर बदलली.

निळा कोट भडक दिसतो, हे खरे. पण ज्यांच्या आजा-पणजाला अंगावर धड कपडा घालण्याची चोरी होती, त्यांना त्या कोटाची इस्त्री दिसते, खिशातले पेन दिसते. रंगाची जात हलकी की भारी, हे ते पाहत नाहीत.

हे शहाणपण आम्हाला उशिरा आले. नव्या घरात राहायला गेलो तेव्हा आईची दिव्यांची तसबीर आम्ही माळ्यावर टाकली आणि बाबासाहेबांचे एक साधे कृष्णधवल छायाचित्र लावले. पाहुण्यांपुढे बरे दिसावे, एवढाच हेतू. आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गावात बाबांचा फोटू लावायला छाती लागायची. लोक दार लावून घ्यायचे, मग बघायचे. म्हणून शहरात आल्यावर दिव्यांचा घेतला. रस्त्यावरनं दिसावा म्हणून."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

एक तक्रार मात्र आम्ही सोडणार नाही. हल्ली काही चित्रांत बाबासाहेबांच्याच डोक्यामागे तेजोवलय फिरते, रंग गोरापान, ओठांवर मंद हसू. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते, असा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. त्या माणसाचा देव करून विकणे हा भडकपणाहून मोठा दोष आहे. चित्र घेताना हातात ग्रंथ आहे का, एवढे तरी बघावे.

आमच्या घरी आता दोन्ही तसबिरी शेजारी शेजारी आहेत. संध्याकाळी दिव्यांचे बटण आईच दाबते. त्यातला एक दिवा गेला आहे. दुकानदार म्हणाला, सुटा मिळत नाही, अख्खी माळ घ्या.