खारबांधाची उघाडी आणि तिच्या झडपेचे कार्य

मीरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी आहे, पश्चिमेस अरबी समुद्र आहे आणि नैऋत्येकडून मनोरीच्या खाडीचे फाटे आत शिरलेले आहेत. राई, मुर्धे, मोरवे या गावांच्या भोवतालची सखल जमीन समुद्राच्या भरतीच्या पातळीखाली येते. तेथे भात पिकावे यासाठी प्रथम खारे पाणी बाहेर ठेवले पाहिजे. याच हेतूने 1870 साली तत्कालीन सरकारने भाईंदर, मिरे व घोडबंदर या गावांतील जमीन रामचंद्र लक्ष्मणजी यांना 999 वर्षांच्या पट्ट्याने दिली व खारे पाणी अडविण्यासाठी बांध घालण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले. आज या परिसरात इमारती झाल्या आहेत, 2002 पासून महानगरपालिका आहे आणि भातशेती बरीच आटली आहे. तरीही बांधामागची जमीन व बांधापुढचा समुद्र यांचे नाते तेच राहिले आहे. पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील खारभूमीत तर आजही हजारो कुटुंबांचे वर्षाचे धान्य त्यावर अवलंबून असते.

बांध घातला की काम संपले, असे मात्र होत नाही. बांध जसा समुद्राला बाहेर ठेवतो तसाच तो पावसाच्या पाण्याला आत कोंडतो. या भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हे पाणी बाहेर गेले नाही तर रोपे कुजतात. यास्तव बांधात एक असे दार हवे की जे आतले पाणी बाहेर सोडील, पण बाहेरचे पाणी आत घेणार नाही. आणि तेही कोणी माणूस रात्री-अपरात्री उठून उघडझाप न करता. भरती-ओहोटीचा एक फेरा सुमारे 12 तास 25 मिनिटांचा असतो, म्हणून वेळ रोज पुढे सरकते. एवढ्या वेळा साधून दार चालविणे कोणाही रखवालदाराला कठीणच. कोकणात या दाराला उघाडी म्हणतात व तिला बसविलेल्या फळीला झडप. गोव्याच्या खाजणांत हीच रचना ‘मानस’ या नावाने ओळखली जाते.

झडपेची घडण अगदी साधी आहे. बांधातून आरपार जाणाऱ्या मोरीच्या समुद्राकडील तोंडावर एक पाट बसविलेला असतो. त्याला वरच्या कडेला बिजागऱ्या असतात व खालची कड मोकळी असते. पाट केवळ बाहेरच्या बाजूस उघडू शकतो. आत यावयास मोरीच्या तोंडाची चौकट त्यास आडवी येते. ओहोटीच्या वेळी खाडीची पातळी आतल्या पाण्याहून खाली जाते, आतले पाणी पाटाला ढकलते व पाट वर उचलला जाऊन वाट मोकळी होते. भरती चढू लागली की बाहेरचे पाणी पाटाला चौकटीवर दाबते. भरती जितकी मोठी तितका दाब अधिक, आणि दार तितकेच घट्ट बसते. ज्या पाण्याला अडवावयाचे तेच पाणी दार लावण्याचे श्रम करते, ही या युक्तीतील खरी गंमत आहे.

या दाबाची कल्पना एका उदाहरणाने येईल. पाण्याचा दाब त्याच्या खोलीप्रमाणे वाढतो. एक मीटर खोलीवर तो दर चौरस मीटरला सुमारे एक टन असतो. पाट एक मीटर रुंद व एक मीटर उंच असून भरतीचे पाणी त्याच्या वरच्या कडेच्या एक मीटर वर चढले आहे व आत पाणी पाटाच्या निम्म्या उंचीएवढे आहे, असे समजा. बाहेरच्या बाजूचा सरासरी दाब दीड मीटर खोलीचा होतो. आतला विरोध वजा जाता पाटावर सुमारे 1,400 किलोचा निव्वळ भार येतो. एवढ्या भाराने पाट बसला असता चौकट सपाट व स्वच्छ असेल तर थेंबभरच पाणी पाझरेल. सबब झडपेत दोष असतो तो बहुधा दाब कमी पडल्याचा नसतो, बैठक बिघडल्याचा असतो.

यंत्रशास्त्रात अशा झडपेला एकदिशा झडप म्हणतात. विहिरीवरील पंपाच्या तळाशी असलेला फूट व्हॉल्व्ह हाच प्रकार होय. तो नसेल तर पंप थांबताच नळीतील पाणी परत विहिरीत उतरते. ट्रॅक्टरचा नांगर उचलणाऱ्या तेलदाबाच्या यंत्रणेतही झडपांची कामे वाटून दिलेली असतात. एक झडप तेलाला परत फिरू देत नाही, म्हणून उचललेले अवजार तसेच तोलून राहते. दुसरी झडप चालकाने दांडा हलविताच तेलाची वाट बदलते. तिसरी, दाब प्रमाणाबाहेर वाढला तर तेल टाकीत परत सोडून नळ्या फुटू देत नाही. खारभूमीच्या व्यवस्थेतही ही तिन्ही कामे आहेत. परत न येऊ देण्याचे काम समुद्राकडील पाट करतो. आतल्या बाजूस खाचांत फळ्या बसविण्याची सोय असल्यास भातात किती पाणी ठेवावयाचे ते त्या फळ्यांनी ठरविता येते. अतिवृष्टीत बांधच फुटू नये म्हणून सांडवा असतो. अनेक ठिकाणी केवळ पाट बसवून थांबतात व फळ्यांची सोय करीत नाहीत. ही काटकसर चुकीची वाटते, कारण फळ्यांवाचून ओहोटीबरोबर गोडे पाणीही सगळे निघून जाते व पावसाने उघडीप दिली की जमिनीतील क्षार केशाकर्षणाने पुन्हा वर येतात.

उघाडी किती मोठी असावी, हा पुढचा प्रश्न. मोरीतून पाणी किती वेगाने जाईल ते आतल्या व बाहेरच्या पातळीतील फरकावर ठरते. परंतु फरक चौपट झाला तर वेग दुप्पटच होतो. दहा सेंटिमीटर फरकाला पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे 1.4 मीटर, तर चाळीस सेंटिमीटरला 2.8 मीटर येतो, आणि प्रत्यक्षात प्रवाह आकुंचन पावून याच्या साधारण साठ टक्केच निचरा मिळतो. चाळीस हेक्टरांच्या खारीत दहा सेंटिमीटर जादा पाणी साचले तर ते 40,000 घनमीटर होते. एक चौरस मीटरच्या उघाडीतून सरासरी सेकंदाला 1.2 घनमीटर पाणी जाते व प्रत्येक ओहोटीला ती पाच तास उघडी राहते असे धरले, तर दोन ओहोट्यांत 43,000 घनमीटर बाहेर पडते. म्हणजे एका दिवसाचे काम. पण झडप निम्मीच उघडत असेल किंवा बाहेरचा चर गाळाने भरला असेल, तर तेच पाणी दोन-तीन दिवस रोपांवर उभे राहील.

येथे भांगाचा विचार अवश्य करावा. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती-ओहोटीतील फरक साधारण साडेतीन ते चार मीटर, मोठ्या उधाणात त्याहूनही अधिक असतो. अष्टमीच्या सुमारास भांगात तो दीड मीटरच्या आसपास उतरतो. उधाणाची भरती बांधाला धोक्याची खरी, पण तिची ओहोटीही खोल जाते व उघाडी मोकळी वाहते. भांगात ओहोटीचे पाणी फारसे खाली उतरत नाही व निचरा मंदावतो. म्हणून उघाडीचा तळ ठरविताना एकट्या उधाणाकडे पाहू नये. तळ फार उंच ठेवला तर आतले पाणी निघत नाही, फार खाली ठेवला तर पाट चिखलात रुततो. अतिवृष्टी व भरती एकत्र आली तर झडप बंदच राहते आणि आतले पाणी वाढत जाते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भरतीने तुंबलेल्या पाण्याचा अनुभव साऱ्या मुंबईने घेतला. अशा वेळी आत पाणी साठवावयास मोकळी खोलगट जागा असेल तरच निभाव लागतो. तीच जागा भराव टाकून बुजविली तर कितीही चांगली झडप उपयोगी पडत नाही.

याच परिसरातील मिठागरांची गरज नेमकी उलट असते. त्यांना उधाणाचे खारे पाणी आत घ्यावयाचे व ओहोटीला परत जाऊ द्यावयाचे नसते. तेथे दारे हाताने चालवितात. साडेतीन अंश बोमेच्या आसपासचे समुद्राचे पाणी उन्हात आटवून सुमारे 25 अंशांवर आले की मीठ धरू लागते. शेत व मिठागर शेजारी असेल तेथे मधला बांध पाझरतो काय, इकडे लक्ष ठेवावे लागते.

झडपेच्या बिघाडाचे परिणाम किती मोठे असतात ते हिशेबाने पाहण्यासारखे आहे. ओहोटीबरोबर वाहत आलेली एखादी फांदी पाटाखाली अडकली व खाली केवळ पाच सेंटिमीटरची फट राहिली, असे धरा. पाट एक मीटर रुंद, पातळीतील फरक एक मीटर आणि भरती चार तास टिकली, तर त्या फटीतून सुमारे 1,900 घनमीटर पाणी आत येते. उन्हाळ्यात खाडीचे पाणी समुद्राइतके खारे असते, म्हणजे दर घनमीटरला सुमारे 35 किलो क्षार. एका भरतीत 65 टनांच्या घरात मीठ शेतात उतरते! ते धुवून काढावयास पुढे एक-दोन पावसाळे खर्ची पडतात. भाताचे रोप क्षारांना हळवे आहे. काळा रता, भुरा रता किंवा पनवेल केंद्राचे पनवेल 1, 2, 3 हे वाण खारेपणा अधिक सोसतात व रहू टाकून पेरलेले भात तग धरते. पण वाणाच्या सोशिकतेलाही मर्यादा आहे.

आणि फांदी नेहमी आपोआपच अडकते असे नाही. मासे आत यावेत म्हणून पाटाखाली मुद्दाम दगड किंवा बांबू लावून ठेवण्याचा प्रकार कोकणात नवा नव्हे. मासेमारी हाही पोटाचाच व्यवसाय आहे, हे मान्य करूनच सांगावयास हवे की, उघाडी ही साऱ्या खारीची मिळून एक असते. एकाच्या पाटीभर कोळंबीसाठी तीस-चाळीस खातेदारांचे भात जाते आणि भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालते. गोव्यात मानशीवरील मासेमारीचा हक्क गावाने लिलावाने देण्याची जुनी प्रथा आहे; त्यामुळे तेथे दार कोणी, केव्हा उघडावे यावर निदान कोणाची तरी जबाबदारी राहते. आपल्याकडे 1948 च्या मुंबई खार जमीन कायद्याने व नंतर 1979 च्या महाराष्ट्र खारभूमी विकास कायद्याने बांध व उघाडी यांच्या योजना शासनाकडे आल्या. तथापि योजना शासनाची म्हणून झडपेकडे गावाने पाहावयाचे नाही, अशी समजूत अनेक ठिकाणी रूढ झाली आहे, आणि बांधाला खांड पडेपर्यंत कोणी तिकडे फिरकत नाही.

पाट कशाचा असावा याविषयी मतभेद आहेत. सागवानी पाट दुरुस्त करणे गावच्या सुताराला जमते, पण लाकूड पाण्यात हलके होऊन नीट बसत नाही, म्हणून त्यास लोखंडी पट्ट्यांचे वजन देतात. शिवाय समुद्रकिडा लाकूड पोखरतो. बिडाचा पाट वजनाने चांगला मिटतो, परंतु त्याला उघडावयास आतल्या पाण्याची पातळी थोडी अधिक चढावी लागते व खाऱ्या हवेत बिजागऱ्या गंजून जाम होतात. काचतंतूचे हलके पाट गंजत नाहीत व थोड्या पाण्यानेही उघडतात. लाटेने आपटून त्यांची कड मात्र तुटू शकते. कोणताही पाट असो, चौकट किंचित कललेली ठेवावी, म्हणजे पाट आपल्या वजनानेच मिटतो. कडेला रबराची पट्टी असल्यास उत्तम.

शेतकरी बंधूंनी भरतीच्या ऐन वेळी बांधाच्या आतल्या बाजूस उभे राहून मोरीकडे पाहावे. पाणी चुळचुळ वाहत असेल तर बैठक बिघडली आहे असे समजावे. दुरुस्ती चैत्र-वैशाखात, भांगाचे दिवस पाहून, मोरीपुढे मातीचा तात्पुरता आडबांध घालून करावी. समुद्राकडील चराचा गाळ त्याच वेळी काढावा. चराच्या काठची कांदळवने मात्र हात लावण्यापूर्वी वन विभागाला विचारावे. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निर्णयानुसार ती तोडण्यास मनाई आहे. शिवाय लाटांचा मार त्या झाडांवर ओसरतो व बांध कमी खचतो. बिजागरीची खीळ झिजली असल्यास ती पावसाळ्यापूर्वीच बदलून घ्यावी, कारण जुलैच्या उधाणात निसटलेला पाट पुन्हा बसविण्यासाठी कोणालाही त्या प्रवाहात उतरता येत नाही.