घोडीवरचा दोरा

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आनंद आहेच. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यांच्या कामाला हात घातला आणि पुढच्या पिढ्यांनी मिरजेचं नाव देशभर नेलं. ते नाव लावून भलताच माल विकणाऱ्यांना आता कायद्याने रोखता येईल. पण मानांकन नाव राखतं. कारागिराचा कान कोण राखणार?

हे म्हणतोय ते जवारीमुळे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, दांडी, खुंट्या सगळं जमून आलं तरी तंबोरा मुकाच असतो. त्याला बोलतं करते ती तारा जिच्यावर टेकतात ती घोडी. वरून सपाट दिसणाऱ्या घोडीला अगदी पुसट उतार असतो. थरथरणारी तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि वरचे स्वर फुलतात, हीच जवारी. तार जिथे छेडावी तिथे ज्या स्वरांचा निस्पंद बिंदू येतो ते उमटू नयेत, असा भौतिकशास्त्राचा नियम. तंबोरा आणि वीणा तो जुमानत नाहीत, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवून दिलं. खर्जातून कुणीही न लावलेला गांधार ऐकू येतो, त्याचं मूळ या घोडीत आहे.

जवारी काढताना एकदा बघावं. तार बाजूला सारून घोडीवर कानशीचे दोन हलके हात, तार परत जागेवर, छेडून ऐकणं, पुन्हा कानस. मग तारेखाली सुती दोरा घालून तो केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तार अचानक उजळते. त्यापुढे गेलं की नुसती झणझणते. ती जागा कुठल्याही मापात बसत नाही. वडिलांच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं ऐकलं की सापडते. मिरजेत राहिलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब स्वतः वाद्य दुरुस्त करत, ते उगाच नव्हे.

आता तंबोरा मोबाइलमध्ये आलाय. सोय मोठी, पण त्या आवाजावर तयार झालेल्या विद्यार्थ्याला बिघडलेली जवारी ओळखू कशी येणार? आणि ज्याला ती ओळखू येत नाही तो कारागिराकडे जाईल कशाला? शासनाला खरंच काही करायचं असेल तर शिकाऊ पोरांना कान तयार होण्याच्या वर्षांत विद्यावेतन द्यावं. संगीत विद्यालयांनी खरे तंबोरे वापरात ठेवावेत.

घरात गवसणीत गुंडाळलेला तंबोरा असेल, तर आज बाहेर काढा. तारा सैल करून घोडीवरून बोट फिरवा. चर लागले, तर तो मिरजेला न्या आणि मजुरी सांगतील ती द्या.